वाद्यवृंदाचे गुरुजी : लेनर्ड बर्नस्टाइन

गोमंतकातील मुलाला व्हायोलिन हे वाद्य नवे नसते. चर्चच्या फेस्ताला, शेजारच्या घरी सायंकाळी चाललेल्या सरावात, कुठे ना कुठे त्याचे स्वर त्याच्या कानी पडलेलेच असतात. देवळात घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या गजरात चाललेली आरती आणि चर्चमध्ये चार आवाजांत म्हटले जाणारे स्तोत्र, ही दोन्ही ज्याने बालपणापासून ऐकली आहेत त्याला एक भेद न शिकविताच समजलेला असतो. आरतीत कंठ अनेक असले तरी चाल एकच असते. स्तोत्रात मात्र एकाच क्षणी निरनिराळे स्वर निघतात आणि ते एकमेकांना न मारता एकमेकांत मिळून जातात. पाश्चात्त्यांचा वाद्यवृंद, म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा, हा या दुसऱ्या रीतीचाच प्रचंड विस्तार होय. ऐंशी ते शंभर वादक अर्धवर्तुळात बसतात. पुढे व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांसारखी तंतुवाद्ये, त्यांच्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकीची वाद्ये, त्यांच्याही मागे कर्णे आणि ट्रॉम्बोन, आणि अगदी पाठीमागे नगारे व झांजा. प्रत्येकासमोर त्याच्यापुरता स्वरांचा कागद असतो. आमच्या सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात जे नाव मिळविले, ते प्रत्येक वाद्याचा असा निराळा कागद लिहिण्याच्या विद्येच्या बळावरच. या सर्वांसमोर एक मनुष्य छडी घेऊन उभा असतो. तो स्वतः एकही स्वर वाजवीत नाही; परंतु त्याच्यावाचून त्या शंभरांचे एक होत नाही. त्याला आपण वृंदसंचालक म्हणू.

असे हे संगीत अपरिचित कानाला प्रथम नुसता गलबला वाटते. त्यांच्या देशांतील मुलांनाही ते तसेच वाटे. चांगले कपडे घालून, केस विंचरून, आईबापांनी हात धरून सभागृहात न्यावे, हलू नको, बोलू नको असे बजावावे, आणि दोन तासांनी झोपलेल्या मुलाला उचलून घरी आणावे, असा तो प्रकार. मुलांना संगीत आवडत नाही, की मुलांपुढे ते कसे ठेवावे हेच मोठ्यांना समजत नाही, हा प्रश्न ज्या थोड्या लोकांनी गंभीरपणे घेतला त्यांत लेनर्ड बर्नस्टाइन यांचे नाव फार वरचे आहे. ज्याला जगातील कोणताही वाद्यवृंद आनंदाने बोलावीत असे, अशा या थोर कलावंताने आपल्या आयुष्यातील उमेदीची चौदा वर्षे शाळकरी मुलांना संगीत समजावून देण्यात खर्च केली.

लेनर्ड यांचा जन्म २५ ऑगस्ट १९१८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात लॉरेन्स या गिरणीगावी झाला. आजीच्या आग्रहाखातर त्यांचे पाळण्यातले नाव लुई असे ठेवले गेले. घरचे लोक मात्र लेनर्ड अथवा लेनी म्हणत, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी तेच नाव रीतसर धारण केले. वडील सॅम्युएल हे आजच्या युक्रेनच्या प्रदेशातून कोवळ्या वयात पळून आलेले एक गरीब यहुदी. न्यूयॉर्कच्या मासळीबाजारात मासे साफ करण्यापासून त्यांनी प्रारंभ केला आणि पुढे बॉस्टन येथे केशप्रसाधनाच्या वस्तूंचा चांगला व्यापार उभा केला. स्वकष्टाने वर आलेल्या पुष्कळ पित्यांप्रमाणे मुलाने हा जमविलेला धंदा पुढे चालवावा एवढीच त्यांची इच्छा होती.

लेनी दहा वर्षांचा असताना त्याच्या क्लारा आत्याने घर बदलताना आपला जुना पियानो भावाच्या घरी ठेवावयास पाठविला. घरात संगीताची परंपरा अशी नव्हती. त्या मुलाने त्या पट्ट्यांवर बोटे ठेवली आणि त्याचे भवितव्य तिथेच ठरून गेले. पित्याला प्रथम कौतुक वाटले, मग चिंता वाटू लागली. त्यांच्या जन्मदेशी वादक म्हणजे लग्नकार्यात वाजवून चार नाणी मिळविणारा, गावोगाव भटकणारा निर्धन मनुष्य. आपल्याकडेही नाटकात गेलेला, गाण्यात रमलेला मुलगा वाया गेला असे मानणाऱ्या घरांची उणीव नव्हती. तेव्हा सॅम्युएल यांना दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. ज्या भुकेपासून ते पळून आले होते तिच्याकडेच मुलगा पुन्हा चालला आहे असे त्यांना दिसत होते. पुढच्या शिक्षिकेची फी वाढली तेव्हा त्यांनी पैसे देण्यास नकार दिला. मुलाने मग काय करावे? त्याने आपल्याहून लहान असलेल्या शेजारच्या मुलांना पियानो शिकविण्यास सुरुवात केली, एका जाझ मेळ्यात वाजविले, आणि त्या कमाईतून आपल्या शिकवणीची फी भागविली. म्हणजे विद्यार्थी आणि शिक्षक या दोन्ही भूमिका त्याच्या वाट्याला एकाच वेळी आल्या. आम्हांला वाटते, त्या पुढे कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

१९३२ मध्ये हेलन कोट्स या शिक्षिकेकडे तो शिकू लागला. या बाईंनी पुढे आपला शिकवणीचा व्यवसाय सोडून आपल्या या शिष्याच्या चिटणिसाचे काम पत्करले आणि अखेरपर्यंत सांभाळले. गुरुशिष्यांच्या नात्याची अशी उलट फिरलेली कथा विरळाच. घरी धाकटी बहीण शर्ली हिला समोर बसवून लेनी अख्खी संगीतनाटके वाचून, गाऊन दाखवी. १९३४ च्या उन्हाळ्यात शॅरन या गावी त्याने गल्लीतील मुलांना जमवून ‘कार्मेन’ हे संगीतनाटक बसविले. त्यात मुलींच्या भूमिका मुलग्यांनी केल्या, आणि नायिकेचे सोंग खुद्द दिग्दर्शकाने घेतले.

बॉस्टन लॅटिन स्कूल, १९३९ पर्यंत हार्वर्ड विद्यापीठ, त्यानंतर फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था, असा त्यांचा विद्याभ्यास झाला. कर्टिसमध्ये फ्रिट्झ रायनर यांच्याकडे ते वृंदसंचालन शिकले. रायनर हे फार कडक. कोणत्या वाद्याला या क्षणी कोणता स्वर आहे हे मधेच विचारीत, आणि ज्याला सांगता येत नसे त्याची धडगत नसे. उलट १९४० च्या उन्हाळ्यात टँगलवुड येथे भेटलेले सर्ज कूसेविट्स्की हे प्रेमाने व स्फूर्तीने शिकविणारे. एकाने शिस्त दिली, दुसऱ्याने धग दिली.

१९४३ मध्ये पंचवीस वर्षांच्या बर्नस्टाइन यांना न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदात साहाय्यक संचालकाची जागा मिळाली. साहाय्यकाचे काम म्हणजे सर्व संगीत तयार ठेवावयाचे आणि वेळ कधी येणार नाही असे समजून चालावयाचे. परंतु १४ नोव्हेंबर रोजी ब्रूनो वॉल्टर हे वृद्ध संचालक तापाने अंथरुणाला खिळले आणि त्या रविवारी दुपारी बर्नस्टाइन यांना एकही तालीम न घेता कार्नेगी हॉलच्या व्यासपीठावर उभे राहावे लागले. कार्यक्रम नभोवाणीवरून देशभर ऐकविला जात होता. त्यात रिखार्ड श्ट्राउस याची ‘डॉन क्विक्झोट’ ही अवघड रचनाही होती. ती आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर या तरुणाची बातमी झळकली. आपण ज्या तारखेला बालदिन साजरा करतो तीच ही तारीख. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवून ठेवण्याजोगा खरा.

यानंतर कीर्ती झपाट्याने वाढली. त्यांनी सिंफनी लिहिल्या, १९५७ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ या जगप्रसिद्ध संगीतनाटकाला संगीत दिले. तो सर्व वृत्तान्त येथे सांगत नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती १९५४ मधील, पुन्हा एका १४ नोव्हेंबरचीच, एक घटना. ‘ऑम्निबस’ नावाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवर व्याख्यान दिले. स्टुडिओच्या जमिनीवर त्या सिंफनीच्या स्वरलिपीचे पहिले पान प्रचंड आकारात रंगविले होते. प्रत्येक ओळीवर ते ते वाद्य घेतलेला वादक उभा केला होता. बेथोव्हेनने जी वाद्ये त्या प्रारंभासाठी घेतली नाहीत त्या वादकांना बर्नस्टाइन यांनी एकेक करून बाजूला जाण्यास सांगितले. त्या श्रेष्ठ संगीतकाराने खोडून टाकलेले पर्यायही वाजवून दाखविले. उत्तम कलाकृतीत काय आहे याइतकेच तिच्यातून काय वगळले आहे हेही पाहावे लागते, ही गोष्ट लक्षावधी प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसली. या माणसाला नुसते वाजविता येत नाही, शिकविताही येते, हे त्या दिवशी ठरले.

मुलांसाठी वाद्यवृंदाच्या सभा भरविण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हे, आणि तसा त्यांनी कधी आवही आणला नाही. न्यूयॉर्कमध्ये थिओडोर थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकातच असा उपक्रम केला होता. वॉल्टर डॅमरॉश यांनी १९२८ ते १९४२ या काळात नभोवाणीवरून शाळाशाळांतील मुलांना संगीताचे पाठ दिले. अर्नेस्ट शेलिंग यांनी १९२४ पासून फिलहार्मोनिकच्या ‘यंग पीपल्स कॉन्सर्ट्स’ नियमित सुरू केल्या. ते मॅजिक लँटर्नची चित्रे दाखवीत, मुलांकडून वह्या लिहवून घेत आणि उत्तम वहीला बक्षीस देत. आमच्यासारख्या शिक्षकाला त्या वह्यांविषयी ममत्व वाटते. ही चालू परंपरा बर्नस्टाइन यांच्या हाती आली ती ते १९५८ मध्ये फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाले तेव्हा. त्या पदावर आलेले ते पहिले अमेरिकेत जन्मलेले गृहस्थ. कामाचा ढीग समोर असताना त्यांनी पहिल्या पंधरवड्यातच मुलांची सभा घेतली, आणि ती दूरचित्रवाणीवरून दाखविली जावी अशी योजना केली. आपल्या देशात त्या वेळी दूरचित्रवाणी नव्हती. दिल्लीत तिचा पहिला प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला.

१८ जानेवारी १९५८, शनिवार. कार्नेगी हॉल मुलांनी व त्यांच्या आईबापांनी भरून गेला होता. बर्नस्टाइन आले आणि काहीही न बोलता त्यांनी छडी उचलली. रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतनाटकाच्या प्रारंभसंगीतातील दौडत जाणारा शेवटचा भाग वाजला. मग मुलांकडे वळून त्यांनी या संगीताचा अर्थ काय असे विचारले. सभागृहातून एकच गिल्ला झाला. अमेरिकेतील प्रत्येक मूल ते संगीत ओळखत होते, कारण नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील ‘लोन रेंजर’ नामक मुखवटाधारी घोडेस्वार वीराच्या कथेला तेच सुरुवातीला लावलेले असे. आपली पाच वर्षांची मुलगी जेमी हीही घरी हेच म्हणाली, असे त्यांनी हसत सांगितले. आणि तुम्हां सर्वांची निराशा करताना वाईट वाटते, पण या संगीतात तो घोडेस्वार मुळीच नाही, असेही लगेच सांगून टाकले. रॉसिनीने ते १८२९ साली स्वित्झर्लंडमधील एका धनुर्धराच्या नाटकासाठी लिहिले. अमेरिकेतील गुराखी वीरांचे त्याला नावही ठाऊक नव्हते. मग संगीताचा अर्थ काय? संगीत कशाविषयी असते? तर ते स्वरांविषयी असते.

एवढे विधान करून सोडले असते तर मुलांनी ते मान्य केले असते आणि विसरूनही गेली असती. बर्नस्टाइन यांनी ते सिद्ध करून दाखविले. त्यांनी एक कथा सांगितली. मध्यरात्रीचा तुरुंग आहे, सर्व कैदी घोरत आहेत, एकच निरपराध कैदी जागा राहून आपले तोंडवाद्य वाजवीत बसला आहे, आणि त्याचा मित्र सुपरमॅन फटफटीवरून त्याला सोडवावयास येत आहे. कथेमागून वाद्यवृंदाने संगीत वाजविले आणि घोरणे, फटफटी, सुटका सारे सारे त्यात मुलांना स्पष्ट ऐकू आले. मग त्यांनी सांगितले की ही कथा आपण पदरची रचली. संगीत आहे ते श्ट्राउसच्या ‘डॉन क्विक्झोट’चे. पुस्तके वाचवाचून डोके फिरलेला एक भोळा म्हातारा स्वतःला वीर समजून मोडक्या घोड्यावर निघतो आणि मेंढरांच्या कळपाला शत्रूची सेना मानून त्यावर चालून जातो. पुन्हा तेच संगीत, तसेच्या तसे वाजविले. या खेपेला घोरणे मेंढरांचे बेंबटणे झाले आणि तुरुंगातले तोंडवाद्य मेंढपाळांची बासरी झाली. स्वर एकही बदलला नव्हता. कथा बाहेरून येते, संगीत आपल्या जागी असते. गोष्ट बदलली म्हणून ते अधिक चांगले होत नाही की वाईट होत नाही, हे सात-आठ वर्षांच्या मुलाने त्या दिवशी स्वतःच्या कानांनी पडताळून घेतले.

तत्त्वज्ञानाचे पंडित ज्या प्रश्नावर ग्रंथ लिहितात तो प्रश्न पहिल्याच दिवशी मुलांपुढे ठेवण्याचे हे धाडस. मुलांचे मन राखावयाचे म्हणून बर्नस्टाइन यांना सोपा मार्ग मोकळा होता. हा बघा पक्षी बोलला, हा बघा पाऊस पडला, असे सांगत तासभर गोडीगुलाबीने काढता आला असता. पुष्कळ जण तसे करीत. त्यांनी तसे केले नाही. मुलांना ज्या गोष्टी आवडतात त्यांपासून त्यांनी सुरुवात केली, परंतु तेथेच ते थांबले नाहीत आणि खोटे काही सांगितले नाही. याच एका निष्ठेमुळे त्यांच्या सभा इतरांपेक्षा निराळ्या ठरल्या.

१९५८ ते १९७२ या अवधीत अशा ५३ सभा झाल्या. सर्व संहिता ते स्वतः पिवळ्या कागदांच्या वह्यांवर पेन्सिलीने लिहीत. त्यांचे साहाय्यक त्यांवर चर्चा करीत, एखादा शब्द मुलांना अडेल काय, हे उदाहरण लांबते काय, हे तपासले जाई. रॉजर इंग्लंडर हे दिग्दर्शक प्रत्येक सभेचे चित्रण करीत, आणि कॅमेरा वारंवार श्रोत्यांकडे वळवीत. त्यामुळे आजही जुन्या चित्रफितींत ती मुले दिसतात: डोळे विस्फारलेली, नाकात बोट घातलेली, जांभई देणारी, अचानक हसणारी. जांभया कापून टाकल्या नाहीत, हे आम्हांला विशेष आवडले.

विषय पाहा. वाद्यरचना म्हणजे काय, संगीतातील विनोद, स्वरमाधुरी म्हणजे काय. १९६४ मध्ये सोनाटा या रचनाप्रकारासारखा रुक्ष वाटणारा विषय त्यांनी घेतला आणि त्यातील तीन भागांची बांधणी दाखविण्यासाठी पियानोवर बसून त्या काळी मुलांच्या तोंडी असलेले बीटल्सचे गाणे आपल्या घोगऱ्या आवाजात गाऊन दाखविले. १९६८ मध्ये एक सभा प्रश्नमंजूषेची होती. मुलांनी ऐकून उत्तरे द्यावयाची आणि आपले गुण आपणच मोजावयाचे. १९६६ मधील सभा तर आपल्या मुलांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. तिचा विषय पाश्चात्त्यांच्या जुन्या स्वरसप्तकांचा, ज्यांना ते मोड म्हणतात. त्यांतील डोरियन म्हणजे आपला काफी थाट, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण आणि मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. पंडित भातखंडे यांच्या दहा थाटांची तोंडओळख असलेला आमचा विद्यार्थी त्या न्यूयॉर्कच्या मुलांपेक्षा त्या सभेत चार पावले पुढेच राहिला असता.

१९६० मध्ये त्यांनी गुस्ताव्ह मालर या संगीतकाराची ओळख करून दिली. मालरच्या सिंफनी तेव्हा मोठ्या श्रोत्यांनाही जड वाटत आणि क्वचितच वाजविल्या जात. मुलांना तो मुळीच माहीत नसणार हे त्यांनी आधीच सांगून टाकले. मालर हा संगीतकार आणि संचालक असा दुहेरी मनुष्य, त्याच्यात एक प्रौढ आणि एक मूल सदैव भांडत असे, अशी त्यांनी उकल केली, आणि स्वर्गाविषयीची बालकल्पना गाणारा त्याच्या चौथ्या सिंफनीचा अंत्यभाग गाऊन घेतला. हे सांगताना ते स्वतःविषयीही बोलत होते. संचालक आणि संगीतकार या दोन ओढींत त्यांचेही आयुष्य फाटत होते. लिहावयास वेळ मिळत नाही ही खंत त्यांना जन्मभर होती.

टीकाही पुष्कळ झाली. व्यासपीठावर ते उड्या मारीत, घामाघूम होत, हातवारे फार करीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक हॅरल्ड शोनबर्ग यांनी त्यांना यावरून वर्षानुवर्षे टोचले. टीका अगदी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि मुलांच्या सभांच्या चित्रफिती पाहताना तो उत्साह नाटकी वाटत नाही. वर्गात उभे राहणाऱ्या कोणालाही हे कळेल की तासभर शेकडो मुलांचे लक्ष धरून ठेवणे हे निश्चल उभ्या असलेल्या माणसाचे काम नव्हे.

मुलांना नुसते श्रोते म्हणून बसविणे त्यांना पुरेसे वाटेना. वर्षातील एक सभा ते होतकरू तरुण वादकांना देत. जानेवारी १९६३ मध्ये अशा सभेत आंद्रे वॉट्स हा सोळा वर्षांचा मुलगा लिस्टची पहिली पियानो कन्चेर्टो वाजविण्यास आला. त्याची आई हंगेरियन आणि बाप अमेरिकन सैन्यातील कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय मुलाला अशा व्यासपीठावर पाहण्याची अमेरिकेला तेव्हा सवय नव्हती. बर्नस्टाइन यांनी कौतुकाने त्याची ओळख करून दिली आणि देशभर तो घरोघरी दिसला. तीनच आठवड्यांच्या आत ग्लेन गूल्ड हे नामांकित पियानोवादक आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी बर्नस्टाइन यांनी मोठ्यांच्या सभेत याच मुलाला उभे केले. वीस वर्षांपूर्वी एका आजारी माणसाच्या रिकाम्या जागेने त्यांना स्वतःला जन्म दिला होता. ते हे विसरले नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी एक सभा आपल्या गुरूंना वाहिली. कूसेविट्स्की, हार्वर्डचे प्राध्यापक, सर्वांना त्यांनी आठवले. आपल्या जुन्या शिक्षिका हेलन कोट्स यांनाही विसरले नाहीत. कडक रायनर त्याच महिन्यात निवर्तले होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला जेमतेम आठवडा झाला होता आणि सारा देश शोकात होता. अशा वेळी त्यांनी मुलांसमोर शिक्षकांविषयी बोलणे पसंत केले. शिक्षकाचा व्यवसाय करणाऱ्यांना ही चित्रफीत कोरड्या डोळ्यांनी पाहता येईल असे वाटत नाही.

या सभांना स्थान मिळावे म्हणून आईबाप मूल जन्मताच नाव नोंदवून ठेवीत असे सांगतात. काही वर्षे दूरचित्रवाणीने त्या रात्रीच्या मुख्य वेळेत दाखविल्या, आणि सुमारे चाळीस देशांत त्या पाहिल्या गेल्या. १९६९ मध्ये बर्नस्टाइन यांनी संगीतरचनेला वेळ हवा म्हणून फिलहार्मोनिकचे संचालकपद सोडले. मानाचे पद सोडले, मुलांच्या सभा मात्र सोडल्या नाहीत. त्या आणखी तीन वर्षे चालविल्या. मार्च १९७२ मधील अखेरच्या सभेत होल्स्ट याची ‘ग्रहमाला’ होती. होल्स्टने ती लिहिली तेव्हा प्लूटोचा शोध लागला नव्हता. तो लागला १९३० साली. म्हणून बर्नस्टाइन यांनी आपल्या वादकांना कागदाशिवाय, त्या क्षणी सुचेल तसे, प्लूटोचे संगीत वाजविण्यास सांगितले. ज्यांचे सारे आयुष्य लिहिलेले स्वर वाजविण्यात गेले अशा त्या शंभर शिस्तबद्ध लोकांनी मुलांसमोर मनसोक्त मौज केली. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठविले. त्यामुळे होल्स्टची ग्रहमाला पुन्हा पूर्ण झाली असे म्हणावयास हरकत नाही.

त्या वाद्यवृंदाचे सूत्र पुढे १९७८ ते १९९१ या काळात मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या हाती होते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आणि त्यात वाजविणाऱ्यांत आमच्या गोमंतकातील अनेक वादक होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी.

बर्नस्टाइन यांची उत्तरायुष्यातील वर्षे सर्वस्वी सुखाची नव्हती. पत्नी फेलिशिया १९७८ मध्ये कर्करोगाने गेल्या आणि त्या दुःखातून ते कधी पुरते बाहेर आले नाहीत. १९८९ च्या नाताळात, बर्लिनची भिंत उघडल्यावर, त्यांनी त्या शहरात बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजविली. छाती दुखत होती, श्वास पुरत नव्हता, तरी १९९० च्या उन्हाळ्यात ते जपानमधील सप्पोरो येथे तरुण वादकांच्या नव्या महोत्सवाला गेले आणि उरलेली शक्ती शिकविण्यालाच द्यावयाची असे त्यांनी जाहीर केले. १९ ऑगस्ट रोजी, ज्या टँगलवुडमध्ये ते पन्नास वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आले होते तेथेच, त्यांनी शेवटची सभा चालविली. १४ ऑक्टोबर १९९० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. अंत्ययात्रा चालली असता रस्त्यावरील बांधकामाच्या मजुरांनी डोक्यावरील टोप काढून त्यांना नावाने हाक मारून निरोप दिला असे सांगतात.

पहिल्या सभेच्या वेळी जी पाच वर्षांची जेमी आपल्या वडिलांना घोडेस्वाराचे नाव सांगत होती, ती मोठी झाल्यावर आईबाप आणि मुले यांनी एकत्र ऐकावयाच्या वाद्यवृंदसभा स्वतः लिहू लागली आणि व्यासपीठावर उभी राहून त्यांचे निवेदन करू लागली. तिच्या अशा एका सभेचा विषय तिच्या वडिलांच्याच संगीतातील ताल हा आहे.